डब्यात गेलेली चावी

आमच्या धाकट्या जाऊबाईंना घरात, गल्लीत आणि लॅबमध्ये सगळे सुई म्हणतात. नाव नाही का तिला? आहे की, चांगलं भारदस्त आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर दिसतं. ती घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढते. तपासायला हो! नुसतं आटवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे, असं माझे दीर म्हणतात. म्हणू देत. दिरांचं बोलणं मनाला लावून घेतलं असतं तर माझे केस केव्हाच पांढरे झाले असते. झालेत म्हणा, पण त्यांच्यामुळे नाही.

सुईचं सगळं काम उपाशीपोटीचं. रक्त द्यायचं तर माणूस उपाशी हवा, आणि लोक उपाशी असतात तेवढ्यात हिला सगळी घरं उरकायची असतात, म्हणून हीसुद्धा उपाशीच. सकाळी आम्ही खालच्या मजल्यावर कूस बदलत असतो तेव्हा ही वरून जिना उतरत असते. चपला हातात घेऊन उतरते, आमची झोप मोडू नये म्हणून. मला ऐकू येतंच. पण ती इतक्या जपून उतरते, तर आपणही झोपल्याचं सोंग जपून करावं, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

दुपारी परत येते तेव्हा तिचं ध्यान बघायला हवं. दारात एक चप्पल काढते आणि भिंतीला टेकते. आणि तशीच उभी. एक चप्पल पायात, एक बाजूला. मी म्हणते, "अगं, दुसरीही काढ की. तिच्या उद्घाटनाला कोणी पाहुणा बोलावलाय का?" ती हसते, पण ते हसू ओठांपर्यंत यायला जरा वेळ लागतो. तेही बिचारं जिना चढूनच येत असणार.

हात मात्र तिचा हलका. माझी नस सापडत नाही म्हणून एका दवाखान्यात माझ्या हाताची चाळण केली होती लोकांनी. सुईने डोळे मिटले, दोन बोटं फिरवली, आणि झालं. मी बोलतच होते. ती माणसांना "दुखणार नाही हं" असलं काही सांगत नाही. ती म्हणते, "टोचणार. पण एकदाच." हे एकदाच तिचं फार मोठं. नस सापडली नाही तर ती दहा मिनिटं हात शेकत बसेल, गरम पाण्याची पिशवी मागवेल, तुमच्याशी तुमच्या सुनेबद्दल बोलत राहील, पण अंदाजाने सुई खुपसणार नाही. त्यामुळे तिचा उशीर होतो, लॅबमधले ओरडतात, ती ऐकून घेते. ऐकून घेण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी तिला किती ऐकवलंय! मग मलाच कंटाळा आला.

तिची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या सवयीतून झालं. तिच्याकडे एक डबा आहे. बाहेरून स्टीलचा, आतून चांदीसारखा चकचकीत कागद, मध्ये बर्फाच्या निळ्या पिशव्या, आणि त्यात रक्ताच्या नळ्या उभ्या. जांभळी टोपणं, लाल टोपणं, पिवळी टोपणं. हा डबा ती जगात कुठेही विसरत नाही. पोर एकवेळ शाळेत विसरेल, असं मी म्हणायचे, आणि एकदा विसरलीही होती. तर तिने काय शोधून काढलं, जे विसरायचं नाही ते डब्यात टाकायचं. चष्मा डब्यात. घड्याळ डब्यात. घराची किल्ली डब्यात. एकदा आमच्या घरची दुधाची पिशवी डब्यातून निघाली होती. मी दोन दिवस चहा प्याले नाही.

स्कूटर होती तोवर हे सगळं ठीक चाललं. डबा मागे पट्ट्याने बांधलेला, चावी लागली की झाकण उघडलं, काढली. मग भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्कूटर काढून कार घेतली.

भाऊजी कारखान्यात बॉयलरवर असतात. दिवसभर वाफेत उभं राहणारा माणूस, त्याला आयुष्यात थंड हवेची कार हवी होती, यात काही चूक नाही. पण त्यांनी त्या कारचं जे काही केलं ना! सीटवरचं प्लास्टिक काढू देईनात. बरोबर मिळालेलं जाडं पुस्तक रोज उशाशी घेऊन वाचायचे. आमच्या घरात इतकं मन लावून पुस्तक वाचणारा हा पहिलाच माणूस, आणि पुस्तक कशाचं, तर गाडीचं. एकदा मी विचारलं, "भाऊजी, शेवटी काय होतं हो त्यात? लग्न होतं का?" दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आणि ती कारही तशीच शिष्ट. चावी भोकात घालायचीच नाही. नुसती खिशात ठेवायची. मालकीण जवळ आली की गाडीला कळतं, ती दार उघडते. मालकीण लांब गेली की आपणहून बंद. चावी आत राहिली तर गाडी किंचाळते, बंदच होत नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, या गाडीत चावी अडकणं शक्यच नाही. विसरायची सोयच ठेवली नाही कंपनीने." मी म्हटलं, "कंपनीने आमची सुई बघितलेली नाही."

तर त्या दिवशी. मी निवांत केसांना तेल लावत बसले होते. फोन वाजला. अनोळखी नंबर. मी असले फोन उचलते, तेवढ्याच गप्पा.

"ताई, मी बोलतेय."

"तू? हा कोणाचा नंबर?"

"वॉचमनचा. ताई, गाडी बंद झाली."

"पेट्रोल?"

"नाही. कुलूप. चावी आत आहे. फोन आत आहे. डबा आत आहे."

"आणि तू?"

"मी बाहेर आहे, ताई." हे तिने इतक्या थकलेल्या आवाजात सांगितलं की मला हसावं की रडावं कळेना. बाहेर असल्याचं एवढं दुःख झालेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

झालं होतं असं. सकाळची सगळी घरं उरकून ती शेवटच्या घरून खाली आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी, हातमोजे अजून तसेच. गाडीने मालकिणीला ओळखलं, कुलूप सोडलं, मागची डिकी उघडली. हिने डबा ठेवला, झाकण उघडलं, शेवटची नळी नीट बर्फात उभी केली. आणि हातातली चावी, जी विसरायची नाही ती, डब्यात. झाकण बंद. डिकी बंद. चावी त्या चकचकीत कागदात आणि स्टीलमध्ये गुंडाळली गेली, तिचा आवाज म्हणा, हाक म्हणा, जे काय असेल ते गाडीपर्यंत पोचेना. गाडीला वाटलं मालकीण गेली. टक्. चारी दारं बंद. फोन पुढे नकाशा दाखवत बसलेला, उजवीकडे वळा, उजवीकडे वळा.

"भाऊजींना फोन कर ना," मी म्हटलं.

"त्यांचा नंबर पाठ नाही."

"नवऱ्याचा नंबर पाठ नाही?"

"तुमचा आहे." ती म्हणाली. "लग्न झाल्यावर तुम्ही पाठ करून घेतला होता. हरवलीस तर, म्हणून."

मी तेलाचे हात पदराला पुसले.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. बाकीच्या नळ्या बर्फात दुपारपर्यंत तग धरतील. शेवटची नाही. ते रक्त लवकर मशीनवर लागलं नाही तर आकडे फसवे येतात, म्हणून तर ते घर ती सगळ्यात शेवटी घेते आणि तिथून थेट लॅब गाठते. ते घर एका म्हाताऱ्या बाईंचं, शिवणवाल्या काकूंचं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता आजार जडलाय, जबर औषध चालू आहे. आज रक्ताचे आकडे आले की उद्याचं औषध किती, द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवणार. आणि औषधाने त्यांच्या नसा पार गेल्यात. हात निळे, काळे, पिवळे.

"आज त्यांनी हात दिलाच नव्हता ताई. उशीखाली घालून बसल्या होत्या. कितीतरी वेळ बोलत बसले मी. मग म्हणाल्या, काढ, पण आज शेवटचं. परत सुई घेऊन आलीस तर तुझं तोंड बघणार नाही. मी म्हटलं, नाही टोचणार. आज एकदाच." मग म्हणाली, "ती नळी वाया गेली तर त्यांना परत टोचावं लागेल."

"आलेच," मी म्हटलं. "तिथून हलू नकोस."

"कुठे जाणार?"

भाऊजींना शोधणं म्हणजे सोपं काम नव्हे. कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो. कारखान्याच्या गेटवर फोन केला, गेटवाल्याला सांगितलं, बॉयलरवरच्या अमुक माणसाला बोलवा, घरून वहिनीचा फोन आहे, तातडीचं आहे. तो म्हणाला, "सिरियस आहे का?" मी म्हटलं, "तुम्ही बोलवा, मी करते सिरियस." थोड्या वेळाने भाऊजी धापा टाकत आले.

"काय झालं वहिनी?"

मी सगळं सांगितलं. एका श्वासात.

"गाडीला काही झालं नाही ना?"

बघा. मी म्हटलं, "गाडी मजेत आहे. तुमची बायको रस्त्यावर उभी आहे. दुसरी चावी कुठेय?"

"जपून ठेवलीय."

"ते दिसतंयच. कुठे?"

भाऊजी खाकरले. "माझ्या ठेवणीतल्या बुटात. डाव्या. मोज्याच्या आत."

"मोजा धुतलेला आहे का?"

"वहिनी!"

"आणि वेळ गेला तर काच फोडते."

"काच नको!" असे ओरडले, की गेटवालाही दचकला असणार. "कंपनीचा माणूस येतो, मी फोन करतो, संध्याकाळपर्यंत येतो तो. काच नको वहिनी, हात जोडतो."

मी वर गेले. त्यांच्या घरात मी एकटी अशी फारशी जात नाही. भांडी घासून पालथी घातलेली. ओट्यावर कप, त्यात अर्धा चहा, वर साय धरलेली; सकाळी प्यायला वेळच झाला नसणार. पलंगावर तिच्या बाजूची उशी भिंतीला उभी लावलेली, म्हणजे बसल्या बसल्याच झोपते की काय कोण जाणे. पलंगाखाली बुटाचा खोका होता. डाव्या बुटात मोजा, मोज्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चावी, अजून कंपनीची पट्टी चिकटवलेली. मोजा नवा होता, देवाची कृपा.

रिक्षाने गेले. उंच इमारतींची रांग, दोन्ही बाजूंना गाड्या, उन्हाने रस्ता पांढरा पडलेला. गाडीभोवती मंडळी जमली होतीच. कोणाच्या गाडीची चावी आत राहिली की वाटेने जाणारा प्रत्येक माणूस कारागीर होतो. वॉचमनच्या हातात पट्टी होती, काचेच्या फटीत घालायला. कपड्यांचा हँगर सरळ करून कोणी आणलेला. एक गृहस्थ सांगत होते की त्यांच्या मेव्हण्याने रबरी चेंडू अर्धा कापून कुलुपावर दाबला आणि दार उघडलं. "कुलूपच कुठेय याला?" वॉचमन वैतागून म्हणाला. "भोकच नाही कुठे. चेंडू काय टायरवर दाबू?"

"सुई कुठेय?" मी विचारलं.

वॉचमनने पलीकडे बोट दाखवलं. "ताई झोपल्यात."

गाडीच्या सावलीच्या बाजूला, फुटपाथवर, मागच्या चाकाला पाठ लावून आमची सुई बसली होती. पाय लांब केलेले, हातमोजे मांडीवर, तोंड थोडं उघडं. शेवटच्या तासाला मुलं वर्गात झोपतात, तशी. माणसं तिच्या डोक्यावरून हँगर नेत होती, मोठमोठ्याने वाद घालत होती, आणि ती झोपली होती. इतक्या वर्षांत मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. डोळ्यांखाली किती काळं झालंय तेही दिसलं. एरवी ती सारखी हलत असते, म्हणून दिसत नसावं.

माझ्या जिभेवर एक चांगला टोमणा आला होता. गिळला. माझ्या आयुष्यात ही गोष्ट क्वचित होते.

"अगं ए. ऊठ."

ती दचकली. "ताई. किती वेळ झाला?"

"ऊठ आधी."

चावी काढली, पट्टी फाडली, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. अंगठा दुखेपर्यंत दाबलं. गाडी ढिम्म. बुटात पडून पडून चावीतला सेल मेला होता. इतकी जपून ठेवली, की ती मेली तरी कोणाला कळलं नाही.

सुईने माझ्याकडे बघितलं नाही. काचेतून डबा दिसत होता. डिकीवरच्या फळीच्या फटीतून, नुसतं त्याचं झाकण. ती कपाळ काचेला लावून बघत राहिली, दवाखान्यात काचेआडच्या तान्ह्या बाळाकडे बघतात तशी.

"फोडू का काच?" मी विचारलं. "दगड आहे इथे. मी फोडते. भाऊजींना सांग, वहिनी वेडी आहे. त्यांना पटेल."

ती विचार करत होती. खरंच करत होती. वॉचमन म्हणाला, "फोडू नका मॅडम, तडे गेले तर सगळ्या नळ्यांवर काच पडेल." तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊजी. गेटवरच उभे होते, कामावर परत गेलेच नव्हते.

"उघडली?"

"तुमची चावी मेलीय."

"सेल गेला असेल. थांबा थांबा. पान बावन्न," भाऊजी म्हणाले, आणि मला त्या क्षणी त्या पुस्तकाचं पहिल्यांदा कौतुक वाटलं. "चावीच्या बाजूला एक बारीक खाच आहे. ती दाबा, आणि खेचा. आतून लोखंडी चावी निघेल. खरी चावी."

दाबलं, खेचलं, आणि खरंच, त्या प्लास्टिकच्या पोटातून एक छोटी चपटी चावी निघाली. जुन्या पेटीला असते तशी. मंडळींमधून "आहा" असा आवाज आला.

"आता पुढच्या दाराचं हँडल," भाऊजी. "त्याच्या टोकाला एक टोपण आहे. ते अलगद काढायचं. अलगद हं वहिनी, रंग जाईल. कापड घ्या. नखाने नका..."

सुईने माझ्या हातातली चावी घेतली आणि ते टोपण खाडकन उचकटलं. रंगाचा एक टवका उडून वॉचमनच्या बुटावर पडला.

"कसला आवाज होता तो?" भाऊजी म्हणाले.

"रस्त्यातला," मी म्हटलं.

टोपणाखाली भोक होतं. चावी फिरली, दार उघडलं, आणि ती शिष्ट गाडी जी बोंबलायला लागली! सगळ्या इमारतींच्या खिडक्यांमधून डोकी बाहेर. सुई आत घुसली, सीटवरून वाकून मागे हात घातला, डबा ओढला आणि झाकण उघडलं. चावी तिथेच, नळ्यांच्या मध्ये, बर्फाच्या घामाने भिजलेली. डब्यातून बाहेर आली मात्र, गाडीला मालकीण ओळखू आली आणि ती एकदम गप्प झाली.

भाऊजी फोनवर विचारत होते, "काच ठीक आहे ना? रंग?" मी म्हटलं, "तुमची बायको ठीक आहे," आणि ठेवला.

लॅबपर्यंत दोघीही काही बोललो नाही. मी, आणि बोलले नाही. ती गाडी चालवत होती आणि पांढऱ्या रस्त्याकडे डोळे बारीक करून बघत होती. एकदाच म्हणाली, "ताई, मला कधी कधी वाटतं ना, रक्त काढून झालं की त्यांच्याच पलंगावर बाजूला आडवं व्हावं. जरा सरका म्हणावं."

लॅबच्या खिडकीत एक बाई होती. तिने नळ्या एकेक करून उचलल्या, घड्याळाकडे बघितलं. या घेते, या घेते, हीसुद्धा. शेवटची तिने उजेडात धरली, नळीवरची वेळ वाचली आणि परत सुईच्या हातात दिली.

"ही नाही चालणार गं. परत घे."

"एकदा लावून बघ ना मशीनवर."

"आकडा येईल. पण खरा नसेल. तूच सांग, लावू?"

सुई म्हणाली, "नको."

परत त्याच रस्त्यावर आलो. वॉचमनने गाडी बघून हात जोडले. लिफ्टमध्ये मी सुईच्या पिशवीकडे बघितलं. नवीन सुया होत्या, नवीन नळी होती. सगळं तयार. मला वाटलं, बिचारी काय करणार, काम आहे, टोचेल.

दार काकूंच्या लेकीने उघडलं. ऑफिसला जायच्या कपड्यांत होती, पण गेलेली नव्हती. घर लहान, खिडकीपाशी शिवणाचं मशीन, त्याच्यावर कापड टाकून औषधांच्या बाटल्या मांडलेल्या. काकू पलंगावर, अंगात सुताचा सैल झगा, हातांच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. आम्हाला बघितलं, सुईच्या हातातली पिशवी बघितली, आणि तोंड भिंतीकडे केलं. 

सुईने पिशवी दारातच ठेवली. पलंगाजवळ गेली, बसली नाही.

"काकू, तुमचं रक्त वाया गेलं. माझ्यामुळे. गाडीची चावी मी रक्ताच्या डब्यात टाकली, गाडी बंद झाली, उघडेपर्यंत वेळ गेला." एवढंच. ना गाडीला दोष दिला, ना कंपनीला. मी असते तर ट्रॅफिकवर ढकललं असतं.

काकू भिंतीकडेच बघत होत्या.

लेक म्हणाली, "ठीक आहे हो, होतं असं. घ्या परत. मी धरते तिचा हात."

"नको," सुई म्हणाली.

"नको काय? उद्या औषध आहे! आकडे नाहीत तर डॉक्टर देणार नाहीत. आई, हात काढ. दोन मिनिटांचं काम आहे."

उशीखालचा हात आणखी आत गेला.

"आई, लहान मुलासारखं करू नकोस ना. प्लीज." लेकीचा आवाज रडवेला झाला. तीही किती दिवसांची जागी होती कोण जाणे. तिने आईचा दंड धरला. "तुम्ही घ्या हो. मी सांगतेय ना. तिचं नका ऐकू."

मी आयुष्यात पुष्कळ भांडणांत पडलेय, न बोलावता. पण तिथे माझी जीभ उचलेना. दोघींचंही बरोबर होतं.

सुईने लेकीचा हात काकूंच्या दंडावरून हळूच सोडवला. जसा ती रक्त काढून झाल्यावर पट्टा सोडते तसा. "मी सकाळी एकदाच म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी त्यावर हात दिला. आता मी परत टोचलं तर त्यांनी कोणाला हात द्यायचा?"

"मग उद्याचं काय?"

"डॉक्टरांना मी फोन करते. माझी चूक आहे, मी सांगते."

आणि तिथेच उभं राहून केला. डॉक्टर ओरडले. मला पलीकडून शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. सुई "हो डॉक्टर, हो डॉक्टर, माझी चूक" म्हणत राहिली, चष्मा काढून डोळे चोळत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं डॉक्टर," आणि फोन ठेवला.

"एक आठवडा पुढे ढकललंय. तोवर औषध नाही. पुढच्या आठवड्यात रक्त, मग औषध. एका आठवड्याने बिघडणार नाही म्हणाले. ताप आला तर मात्र लगेच न्यायचं."

लेक मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि तिने बाटल्यांच्या मध्ये डोकं टेकलं. रडत होती की नुसती टेकली होती, मला दिसलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढं मला येतं.

तेव्हा काकूंनी तोंड इकडे वळवलं. "आठवडाभर औषध नाही?"

"नाही."

"उलट्या नाहीत?"

"नाहीत व्हायच्या."

काकू छताकडे बघत राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, "ऊठ. ऑफिसला जा. सुट्टी मला मिळालीय, तुला नाही." आणि मग, माझ्याकडे बघून, "ही कोण?"

"माझी मोठी जाऊ."

"ही काही बोलत नाही का?"

सुई पहिल्यांदा हसली त्या दिवशी. जिना न चढता, एकदम.

घरी आलो. भाऊजी दारात उभे होते, गाडी थांबायच्या आत हँडलपाशी वाकले. टवका बघितला. तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते मिटलं. सुई वर गेली. मी मागोमाग चहा घेऊन गेले तर ती पलंगावर आडवी, चपला पायात, दोन्ही. चहा मीच प्याले. भाऊजी पायाशी बसून तिच्या चपलांचे पट्टे सोडवत होते, अलगद, रंग जाईल की काय अशा बेताने.

लॅबने तिला दुसऱ्या दिवशी बोलावून झापलं. झापून घेतलं तिने. मग नेहमीसारखी कामाला लागली, पहाटेचा जिना, हातात चपला. आठवडाभर काकूंचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. पण ती रोज दुपारी आली की मी तिचं तोंड बघायचे, फोन आलाय का, ताप आलाय का. नाही आला.

पुढच्या आठवड्यात त्या दिवशी मी मुद्दाम दारात बसले, भाजी निवडायच्या निमित्ताने. आली. एक चप्पल काढली, भिंतीला टेकली.

"मग?" मी म्हटलं. "दार उघडलं का त्यांनी?"

"उघडलं. त्यांनीच."

"मग? हात दिला?"

"लगेच नाही." तिने डोळे मिटले होते. "म्हणाल्या, आधी चावी दाखव."

"मग?"

"खिशातून काढून दाखवली. म्हणाल्या, समोर टेबलावर ठेव, मला दिसेल अशी. ठेवली. मग त्यांनी बाही वर केली."

"आणि किती वेळा टोचलंस?"

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने भाजी निवडायला लागले.